पाणीमीटर तपासणाऱ्या निरीक्षकांना आधी काय शिकवावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महापालिकेत घरगुती नळजोडण्यांवर मीटर बसवण्याचे काम सुरू झाले आहे. वजने-मापे तपासणाऱ्या वैध मापन शास्त्र विभागातील नवे निरीक्षक आणि पाणीपुरवठा विभागातील कनिष्ठ अभियंते अशा पंधरा जणांना मीटरची चाचणी आणि पडताळणी शिकवायची आहे. हाताशी एक टेस्ट बेंच (मीटर जोडून त्यातून गेलेले पाणी टाकीत मोजण्याची मांडणी) आणि पाच दिवस आहेत, तर सर्वाधिक भर कशावर द्यावा, असे प्रशिक्षणाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की पहिले दोन दिवस प्रशिक्षणार्थ्यांना एकाही मीटरवर निकाल देऊ देऊ नका. ते दोन दिवस त्यांच्याकडून टेस्ट बेंचच तपासून घ्या. मीटरची त्रुटी काढणे म्हणजे दोन आकड्यांची तुलना करणे होय. एक आकडा मीटरच्या डायलवरचा, दुसरा टाकीत प्रत्यक्ष आलेल्या पाण्याचा. नवा निरीक्षक पहिल्या आकड्याकडे संशयाने पाहतो आणि दुसरा आकडा खरा मानून चालतो, कारण टाकी मोठी असते, स्टेनलेस स्टीलची असते आणि तिच्यावर अंशशोधनाचे प्रमाणपत्र लटकवलेले असते. चुकीच्या निकालांची जी कारणे मी या कामात शोधली, त्यांतली बहुतेक या दुसऱ्या आकड्यातच दडलेली होती.

त्याआधी शब्द पक्के करून घ्यावेत, कारण वर्गात दोन विभागांची माणसे बसलेली असतात आणि दोघे एकाच शब्दाने वेगवेगळ्या गोष्टी म्हणत असतात. चाचणी म्हणजे ठरावीक प्रवाहांवर मीटरची त्रुटी किती आहे हे मोजणे. अंशशोधन म्हणजे त्या त्रुटीचा, तिच्या अनिश्चिततेसह, मानकापर्यंत जोडलेला लेखी हिशेब. पडताळणी ही मात्र कायदेशीर कृती आहे. वैध मापन शास्त्र अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ नुसार पडताळणी आणि मुद्रांकन, म्हणजे तपासलेल्या मापावर शिक्का मारणे, करायचे असते, आणि त्याच्याही आधी कलम २२ नुसार त्या मॉडेलला मान्यता मिळालेली असावी लागते. महापालिकेचा अभियंता आपल्या कार्यशाळेत मीटर तपासू शकतो, दुरुस्त करू शकतो, नवीन खेप परत पाठवू शकतो. पण त्याच्या चाचणीने मीटरची पडताळणी झाली असे होत नाही. ते अधिकार वैध मापन अधिकाऱ्याला आणि शासनमान्य चाचणी केंद्राला आहेत. २०१३ च्या नियमांनुसार अशा केंद्रांकडे जी उपकरणे सोपवता येतात, त्यांत पाण्याचे मीटर आहे. ही सीमारेषा अर्ध्या तासात समजावून सांगता येते. कायद्याची उरलेली कलमे वाचून दाखवण्यात एक पूर्ण दिवस घालवण्याची प्रथा मी अनेक ठिकाणी पाहिली आहे; ती कलमे निरीक्षक स्वतः वाचू शकतो, पण टेस्ट बेंच त्याला पुन्हा सहज मिळत नाही.

प्रवाहांची भाषा मात्र बेंचवर जाण्याआधी यायलाच हवी. आपल्याकडे आज दोन परिभाषा शेजारी शेजारी नांदतात. घरगुती मीटरसाठीच्या आयएस ७७९ या जुन्या भारतीय मानकात मीटर ‘अ’ आणि ‘ब’ वर्गांत येतात. १५ मिलिमीटरच्या ‘ब’ वर्गातील मीटरचा नाममात्र प्रवाह, म्हणजे ज्या नेहमीच्या प्रवाहासाठी ते बनले तो, ताशी १,५०० लिटर, संक्रमण प्रवाह, म्हणजे ज्याच्या खाली अधिक त्रुटी चालते तो, १२० लिटर आणि किमान प्रवाह ३० लिटर असतो. आयएसओ ४०६४ हे आंतरराष्ट्रीय मानक आणि वैध मापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची (ओआयएमएल) आर ४९ ही शिफारस यांच्या नव्या पद्धतीत क्यू१ (किमान), क्यू२ (संक्रमण), क्यू३ (कायमचा) आणि क्यू४ (अतिभाराचा) असे चार प्रवाह असतात आणि क्यू३ ला क्यू१ ने भागून येणारा ‘आर’ हा आकडा मीटरवर छापलेला असतो. समजा क्यू३ ताशी २.५ घनमीटर आहे आणि मीटरवर ‘आर ८०’ लिहिले आहे. तर २,५०० ला ८० ने भागून क्यू१ ताशी ३१.२५ लिटर येतो, क्यू२ त्याच्या १.६ पट म्हणजे ५० लिटर, आणि क्यू४ हा क्यू३ च्या सव्वा पट. दुसऱ्या अचूकता वर्गाच्या मीटरला क्यू१ पासून क्यू२ पर्यंत अधिक-उणे ५ टक्के आणि क्यू२ पासून पुढे, थंड पाण्यासाठी, अधिक-उणे २ टक्के एवढी कमाल त्रुटी चालते. हा हिशेब प्रत्येकाने मीटर हातात घेऊन, डायलवरची अक्षरे स्वतः वाचून करावा. फळ्यावरचा तक्ता उतरवून घेतलेला निरीक्षक पुढे वेगळ्या आकड्याचे मीटर आले की अडतो.

आता बेंचकडे येऊ. पहिला प्रयोग गळतीचा. प्रशिक्षकाने आदल्या संध्याकाळी मीटर आणि टाकी यांच्यामधला एक सांधा किंचित सैल करून ठेवावा, इतका की मिनिटाला साधारण १० मिलिलिटर पाणी झिरपेल, आणि खाली फडके ठेवून ते पाणी लपवावे. मग एकच चांगले मीटर आधी ताशी १,५०० लिटरवर आणि नंतर ताशी ३० लिटरवर तपासायला सांगावे. मिनिटाला १० मिलिलिटर म्हणजे तासाला ०.६ लिटर. ताशी १,५०० लिटरच्या प्रवाहात ही गळती ०.०४ टक्के एवढीच असल्यामुळे कुणाच्याही लक्षात येत नाही. ताशी ३० लिटरच्या प्रवाहात तीच गळती पूर्ण २ टक्के होते. मीटरमधून गेलेले पाणी टाकीत पोहोचत नाही, म्हणून मीटर जलद धावते, म्हणजे प्रत्यक्षाहून जास्त पाणी दाखवते, असा निष्कर्ष निघतो. सगळ्यांचे निकाल फळ्यावर लिहून झाल्यावरच फडके उचलावे. मीटरच्या आधीची गळती पाणी वाया घालवते, पण त्रुटी बदलत नाही, आणि मीटरनंतरची गळती त्रुटी बदलते, हा फरक व्याख्यानात दहा वेळा सांगून जेवढा ठसत नाही तेवढा या एका प्रयोगाने ठसतो.

हा प्रयोग मी स्वतः चूक करून शिकलो, म्हणून त्याच्याबद्दल आग्रहाने लिहितो आहे. सुरुवातीच्या काळात एका कार्यशाळेत नव्या मीटरांची एक खेप किमान प्रवाहावर जलद धावते म्हणून मी परत पाठवली. महिनाभराने त्याच टाकीच्या तळाच्या निचरा व्हॉल्व्हखाली भिंतीवर शेवाळाची ओल दिसली. व्हॉल्व्हचे रबर झिजलेले होते आणि मोजायचे पाणी मोजण्याआधीच खाली उतरत होते. मीटरे निर्दोष होती. तेव्हापासून दिवसाच्या पहिल्या चाचणीपूर्वी टाकी भरून, पातळी टिपून, दहा मिनिटे थांबून ती पुन्हा टिपल्याशिवाय मी काम सुरू करत नाही आणि कुणाला करू देत नाही.

दुसरा प्रयोग वजनाचा. ज्या बेंचवर पाणी तोलून मोजले जाते, तिथे काट्यावर १०० किलो दिसले की प्रशिक्षणार्थी १०० लिटर लिहितो. मे महिन्यात आपल्याकडे टाकीतले पाणी ३० अंशांवर सहज असते. त्या तापमानाला एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे ०.९९५७ किलो भरते, आणि भोवतालची हवा पाण्याला किंचित वर उचलून धरते त्यामुळे काटा आणखी साधारण एक दशांश टक्का कमी दाखवतो. दोन्ही धरले तर काट्यावरच्या १०० किलोंचे प्रत्यक्षात सुमारे १००.५४ लिटर होतात. दोन टक्क्यांच्या मर्यादेतला पाव हिस्सा केवळ या एका दुर्लक्षाने खर्च होतो. पाणी २० अंशांवर असते तर हा फरक ०.२९ टक्के एवढा असता; म्हणजे तेच मीटर, तेच बेंच, तोच निरीक्षक, तरी जानेवारीत एक निकाल आणि मे महिन्यात दुसरा. यासाठी प्रत्येक नोंदीत पाण्याचे तापमान हा रकाना हवा आणि तो चाचणीच्या वेळीच भरलेला हवा. मापाच्या टाकीने मोजणाऱ्या बेंचवर वजनाचा हा प्रश्न येत नाही, पण तिथे टाकी रिकामी करताना दर वेळी सारखाच वेळ निथळू द्यावी लागते, कारण भिंतींना चिकटून राहिलेले पाणी पुढच्या मापात मिसळते.

तिसरा प्रयोग हवेचा. मीटरनंतरची नळी सुरुवातीला अर्धवट रिकामी असेल, तर मीटरमधून गेलेले पाणी आधी ती नळी भरते आणि टाकीत तेवढे कमी पडते. इथे प्रशिक्षणार्थ्यांना थांबवून एक प्रश्न विचारावा: गळती, वजनाचे दुर्लक्ष आणि नळीतली हवा या तिन्ही चुकांमुळे मीटर कोणत्या बाजूला चुकलेले दिसते? उत्तर तिन्हींचे एकच आहे. मीटर जलद असल्याचा भास होतो. बेंचचे नेहमीचे दोष एकाच दिशेला झुकतात, आणि म्हणून ते एकमेकांना खोडत नाहीत, एकमेकांत मिळतात. अशा बेंचवर मीटरचा नियामक स्क्रू (मीटरचे माप कमी-जास्त करणारा) फिरवून त्रुटी शून्यावर ‘आणली’, तर ते मीटर घरी गेल्यावर मंद चालते आणि महापालिकेचा महसूल वर्षानुवर्षे बुडतो, तोही प्रमाणपत्रासह. वेगवेगळ्या कारखान्यांची मीटरे एकाच दिवशी एकाच बाजूला चुकू लागली, तर प्रथम बेंच थांबवावे, ही सवय निरीक्षकाच्या अंगी बाणली तर प्रशिक्षणाचे निम्मे काम झाले असे मी मानतो.

वाचन हा याहून साधा वाटणारा, पण वेळ मागणारा भाग आहे. नेहमीच्या १५ मिलिमीटर मीटरवर सर्वांत लहान सुईचा एक भाग ०.१ लिटरचा असतो. किमान प्रवाहावर ५ लिटरच पाणी सोडले, तर एक भाग म्हणजे २ टक्के. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा अर्धा भाग चुकला तरी निकाल निरर्थक होतो. १० लिटर सोडले तर एक भाग १ टक्क्याचा होतो, पण ताशी ३० लिटरने १० लिटर जायला वीस मिनिटे लागतात. नेमकी इथेच कामाची प्रत घसरते. दिवसाला किती मीटर झाले याचा तक्ता वर पाठवायचा असतो, म्हणून वीस मिनिटांची चाचणी आठ मिनिटांत उरकली जाते, किंवा किमान प्रवाहाचा आकडा दुसऱ्या मीटरवरून अंदाजे लिहिला जातो. जुने मीटर सर्वांत आधी किमान प्रवाहावरच मंदावते. त्याचे बेअरिंग झिजते, गाळणीत रेती अडकते, पंख्यावर क्षार चढतो, आणि मोठ्या प्रवाहावर ते तरीही छान चालते. किमान प्रवाहाची चाचणी गाळणे म्हणजे मीटरचा दोष जिथे आहे नेमका तिथेच न पाहणे. बेंचवर दहा मीटरे एकामागे एक जोडून वीस मिनिटांत दहांचा निकाल काढता येतो, तेव्हा वेळेची सबबही टिकत नाही. मात्र ओळीतल्या जागेचा परिणाम होतो का, हे पहिल्या आणि शेवटच्या मीटरची अदलाबदल करून एकदा पाहून घ्यावे.

त्रुटीचे सूत्र सोपे आहे, तरी परीक्षेत चुकते: मीटरचे माप वजा खरे माप, भागिले खरे माप, गुणिले शंभर. काही जण मीटरच्या मापाने भागतात. टाकीत १० लिटर आणि मीटरवर १०.४ असेल, तर त्रुटी अधिक ४ टक्के होते. मीटरच्या मापाने भागले तर ती ३.८५ दिसते. फरक छोटा आहे, पण मर्यादेवर उभ्या असलेल्या मीटरचा निकाल तो उलटवू शकतो.

निकाल देण्याबाबत दोन नियम नीट शिकवावेत. पहिला असा की पडताळणीच्या चाचणीची विस्तारित अनिश्चितता, म्हणजे निकालाच्या दोन्ही बाजूंना धरायची शंकेची पट्टी, कमाल अनुज्ञेय त्रुटीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक नसावी. दोन टक्क्यांच्या मर्यादेसाठी ती साधारण ०.६७ टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर त्या बेंचवर निकालच देऊ नये. दुसरा नियम ओआयएमएलच्या शिफारशीत आहे आणि मला तो फार न्याय्य वाटतो. मीटरच्या सर्व प्रवाहांवरच्या त्रुटी एकाच चिन्हाच्या असतील, तर त्यांतली किमान एक तरी मर्यादेच्या निम्म्याच्या आत असली पाहिजे. याचा अर्थ असा की प्रत्येक प्रवाहावर मर्यादेच्या काठाकाठाने जलद धावणारे मीटर, प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर उत्तीर्ण दिसले, तरी उत्तीर्ण होत नाही. मुभा असते ती यंत्राच्या नैसर्गिक विचलनासाठी; त्या मुभेचा सतत एकाच पक्षाला लाभ देण्यासाठी ती वापरता येत नाही. निरीक्षकांना हे कारणासह सांगितले की नियम पाठ करावा लागत नाही.

चौथा दिवस बेंच सोडून वस्तीत घालवावा. ‘मीटर जोरात पळते’ ही तक्रार घेऊन निरीक्षक घरी गेला की त्याने काय पाहावे, हे बेंचवर शिकवता येत नाही. त्याने प्रथम मीटरनंतरची चावी बंद करून डायलवरचे ताऱ्याच्या आकाराचे छोटे चक्र फिरते का ते पाहावे. ते फिरत असेल, तर चावीतूनच पाणी निसटत असेल किंवा मीटर आणि चावी यांच्यामध्ये गळती असेल. ते स्थिर राहिले, तर चावी उघडून घरातले सर्व नळ बंद करावेत. आता फिरले तर गळती घरातल्या नळकामात, बहुतेक वेळा जमिनीखालच्या टाकीकडे जाणाऱ्या नळीत असते. मग मीटर आडवे आणि पातळीत बसले आहे का ते पाहावे, कारण बहुधारी मीटर (ज्याचा पंखा पाण्याच्या अनेक धारांनी फिरतो ते) कलते बसवले की त्याची लहान प्रवाहाची संवेदना घटते. नंतर पाणी किती वेळ येते ते विचारावे. ज्या भागात दिवसाआड किंवा दोन तास पाणी येते, तिथे पाण्याआधी नळीतून हवा येते आणि ती मीटर फिरवते. ग्राहकाचे म्हणणे अशा वेळी खरे असते, पण दोष मीटरचा नसतो आणि मीटर बदलून तक्रार मिटत नाही. सातारा जिल्ह्यातील मलकापूरने मीटरच्या जोडीने चोवीस तास पाणी दिले, त्याचे एक तांत्रिक महत्त्व हेही आहे की भरलेल्या नळीत मीटर ज्या परिस्थितीसाठी बनले त्याच परिस्थितीत काम करते. उलट दिशेची गोष्टही दाखवावी. छपरावरच्या टाकीचा बॉलकॉक मिटत येतो, तसतसा प्रवाह किमान मर्यादेच्या खाली उतरतो आणि बरेचसे पाणी मीटरला न कळता वर चढते. ग्राहक याबद्दल कधीच तक्रार करत नाही, म्हणून निरीक्षकाने ते स्वतः शोधायचे असते.

जागेवरच मापन करायचे असेल, तर २० लिटरचे पडताळलेले माप पुरते, आणि ते ग्राहकासमोर, त्याला दोन्ही आकडे वाचायला लावून करावे. घरातल्या आजी किंवा काकांनी स्वतः डायल वाचला की निकालावरचा विश्वास आपसूक वाढतो. सील तुटलेले दिसले, तर मात्र मीटर तिथे उघडू नये. छायाचित्र, वाचन आणि पंचनामा करून ते पिशवीत सीलबंद करावे. चुंबक लावून मीटर अडवल्याचा संशय असेल तेव्हाही हाच क्रम ठेवावा.

दूरवाचनाच्या मीटरांसाठी, जशी पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत बसवली जात आहेत, एवढीच भर घालावी की डायलवरचा आकडा आणि यंत्रणेकडे पोहोचलेला आकडा हे दोन्ही स्वतंत्रपणे टिपून जुळवावेत. मापन बरोबर आणि बिल चुकीचे असे अशा मीटरांत घडू शकते, आणि त्याचा शोध टेस्ट बेंचवर लागत नाही.

पाचव्या दिवशी परीक्षा घ्यावी, आणि ती लेखी नसावी. सहा मीटरे क्रमांक झाकून द्यावीत: काही निर्दोष, एक नियामक स्क्रूने मुद्दाम जलद केलेले, एक गाळणीत कचरा अडकवलेले, आणि एक मीटर दोनदा, वेगळ्या झाकणाखाली. एकाच मीटरचे दोन निकाल ज्याचे एक टक्क्याहून अधिक भिन्न आले, त्याला त्याच संध्याकाळी पुन्हा बेंचवर उभे करावे आणि त्याची चूक वाचनात आहे, झडप बंद करण्यात आहे की नोंदीत आहे, हे त्याच्याबरोबर बसून शोधावे. रांचीच्या भारतीय वैध मापन शास्त्र संस्थेत निरीक्षकांचे पायाभूत प्रशिक्षण होते, आणि प्रवाहमापनाच्या सखोल कामासाठी केरळात पालक्काडची फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. पाच दिवसांच्या वर्गातून चांगले निघालेले दोघे-तिघे तिथे पाठवता आले तर अवश्य पाठवावेत, म्हणजे पुढच्या तुकडीला प्रशिक्षक बाहेरून आणावा लागणार नाही.

शेवटची एक गोष्ट प्रशिक्षणानंतरची आहे. प्रत्येक बेंचजवळच्या कपाटात एक चांगले मीटर कुलपात ठेवावे आणि ते कुणालाही बसवण्यासाठी देऊ नये. दर सोमवारी सकाळी सर्वांत आधी तेच मीटर किमान, संक्रमण आणि नाममात्र या तिन्ही प्रवाहांवर तपासून त्याची त्रुटी भिंतीवरच्या आलेखात टिपावी, आणि मागच्या आठवड्यांच्या ओळीपासून ठिपका अर्ध्या टक्क्याहून अधिक सरकला, तर कारण सापडेपर्यंत त्या बेंचवर दुसरे एकही मीटर चढवू नये. त्या आलेखाची प्रत सहा महिन्यांनी प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याकडून मागवून घ्यावी. वर्गात शिकवलेले बेंचवर पोहोचले की नाही, हे त्या कागदावरूनच कळते.